दाराच्या आतले तुकडे



वडोदऱ्यात आमच्या सोसायटीत शेजारच्या मुलाचा सीझन बॉल बाबांच्या गाडीच्या मागच्या दाराच्या काचेवर लागला. समोरची काच दोन थरांची असते, तडा गेला तरी जागेवर राहते. बाजूची काच टफन्ड. फुटली की क्षणात बारीक बारीक तुकडे. ती सांधता येत नाही, बदलावीच लागते. मुलाला मी म्हटले, "असू दे, विमा आहे." (विम्यात काचेला घसारा लावत नाहीत, हेही कॉमर्सवाल्याला लगेच आठवले!) क्षमा केली, असे मी समजलो.

गॅरेजमध्ये कारागिराने नवी काच आधी हातातही घेतली नाही. दाराचे आतले पॅनेल काढले, तळाशी साचलेले तुकडे व्हॅक्यूमने ओढले. काच ज्या खाचेतून सरकते, तीही साफ केली. म्हणाला, "सीटवरचे कोणीही झाडतो. आत एक तुकडा राहिला, तरी नव्या काचेवर ओरखडे पडतात."

मी गप्प झालो. त्या दिवसापासून तो मुलगा जिन्यात दिसला की मी मोबाइलमध्ये डोके घालत होतो. रोज ध्यानाला बसायचे, सर्वांच्या सुखाची प्रार्थना करायची, आणि तळाशी हे! क्षमेचा शब्द मी उच्चारला होता, दार उघडले नव्हते. आपणही आज ध्यानात बसल्यावर, "असू दे" म्हणून सोडलेली एखादी गोष्ट आठवून पाहावी.

आई सांगत होती, तो मुलगा हल्ली खाली खेळायलाच येत नाही. सत्संगाला निघण्याआधी मी त्यांच्याकडे जाणार आहे. येताना दुकानातून एक टेनिस बॉल घेतला आहे.