आश्रयाचा देणेकरी कोण?

आश्रय देणारा आणि आश्रय घेणारा यांजमध्यें देणेकरी कोण, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. वरवर पाहतां उत्तर सोपें दिसतें. ज्यानें छप्पर व अन्न दिलें त्याचे उपकार झाले, आणि ज्यानें तीं घेतलीं त्यानें ते जन्मभर स्मरावे. परंतु बीड जिल्ह्यांतील निराश्रित मुलांची स्थिति ज्यांनीं जवळून पाहिली आहे, त्यांस एवढ्या उत्तरानें समाधान होत नाहीं.

या जिल्ह्यांत मूल बेघर कसें होतें हें खेड्यांतील वाचकांस सांगावयास नको. दसरा-दिवाळी झाली कीं गाड्या भरभरून माणसें ऊसतोडीस जातात. मुकादमाची उचल आधींच घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता गणला जातो. आणि पुढले पांच-सहा महिने कारखान्याजवळची कोपी हेंच घर होतें. लेंकरूं बरोबर नेलें तर शाळा बुडते. मागें ठेविलें तर म्हाताऱ्या आजीवर भार पडतो. त्यांतच बाप फडांत दगावला, किंवा कर्जापायीं त्यानें जीव दिला, आणि आईनें दुसरें घर केलें, म्हणजे तें लेंकरूं कोणाचेंच राहत नाहीं. आज चुलत्याकडे, उद्यां मामाकडे, परवां एखाद्या धाब्यावर भांडीं घासावयास. रस्त्यावर निजत नाहीं म्हणून कोणी त्यास बेघर म्हणत नाहीं, इतकेंच.

अशा मुलांसाठीं शिरूर कासार तालुक्यांतील आर्वी येथें दीपक व कावेरी नागरगोजे यांनीं २००० सालीं शांतिवन उभें केलें. गेवराईस संतोष गर्जे यांनीं २००४ सालीं अनाथ मुलांचें घर काढिलें. ते स्वतः ऊसतोड मजुराचे पुत्र. सरकारनेंही २०२१ सालीं संत भगवानबाबा यांच्या नांवानें ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींकरितां वसतिगृहांची योजना मंजूर केली. हीं कामें मोठीं आहेत.

परंतु छप्पर मिळालें त्याच दिवशीं मन घरीं येत नाहीं. पोटभर जेवलेलें मूलही भाकरीचा तुकडा उशाखालीं लपवितें, रात्रीं दचकून उठतें, मायेनें बोलणाऱ्यावरच चिडतें. मग लोक म्हणतात, "एवढें केलें, तरी याचें तोंड वांकडेंच!" आम्हांस वाटतें कीं याच वाक्यानें आश्रयाचें दान परत घेतलें जातें. पोटचा मुलगा रुसतो, ताट सारतो, दोन दिवस बोलत नाहीं. त्यास कोणी उपकारांची यादी वाचून दाखवीत नाहीं. रुसण्याची ही मोकळीक ज्या घरांत नाहीं, तेथें मूल पाहुणाच राहतें. शिवाय, ज्या साखरेचा चहा आपण रोज घेतों, तिचा ऊस याच मुलांच्या आईबापांनीं तोडिला. हिशेब मांडूं गेल्यास बाकी कोणाकडे निघेल?

कोणी विचारील, मग कृतज्ञता शिकवूंच नये काय? ती यावी, पण मागून घेतलेली कृतज्ञता भीतीहून फारशी निराळी नसते.

दुसरी गोष्ट वयाची. २०१५ च्या किशोर न्याय अधिनियमाप्रमाणें १८ वर्षें पूर्ण झालीं कीं मूल हें मूल राहत नाहीं, आणि बालगृह सोडावें लागतें. कायदा अगदींच निष्ठुर नाहीं. २१ व्या वर्षापर्यंत पुढील साहाय्याची तरतूद त्यांत आहे, आणि त्यासाठीं अनुरक्षणगृहेंही आहेत. पण गांवांतला कोणता बाप १८ व्या वाढदिवशीं मुलाची वळकटी दाराबाहेर ठेवितो? १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाईंनीं मध्य प्रांतांतून शेंकडों मुली आणिल्या. केडगांवास त्यांनीं जें घर वसविलें, तेथें मोठ्या झालेल्या स्त्रियांसही काम आणि जागा असे.

नेमक्या याच वयांत मनाचे आजार पुष्कळदां डोकें वर काढतात. अशा तरुणास गांव देवऋष्याकडे नेतें. आमच्या मंडळ्यांतही "प्रार्थना कमी पडली" असें म्हणणारे आहेत. हिंवताप आला असतां मात्र असें कोणी म्हणत नाहीं! अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत मनोविकारांवर उपचार होतात. १४४१६ या सरकारी क्रमांकावर २०२२ पासून फुकट सल्ला मिळतो. मानसिक आरोग्याचा २०१७ चा कायदा तर असें सांगतो कीं घर नाहीं किंवा घरचे स्वीकारीत नाहींत, एवढ्याच कारणानें कोणास मनोरुग्णालयांत ठेवून घेऊं नये. कायद्यानें दार उघडलें खरें. पण बाहेर पडलेल्यानें जावें कोणाकडे?

नोकरीच्या किंवा बँकेच्या अर्जांत या तरुणाचा हात पत्त्याच्या रकान्यापाशीं थांबतो. संस्था सुटली, गांवचें घर पडलें. तेथें काय लिहावें? एखादा पाळक किंवा उपदेशक त्यास म्हणूं शकेल, "माझा पत्ता लिही, सणास ये, आणि नोकरी सुटली तरी ये." यांत जोखीम आहे, हें आम्ही लपवीत नाहीं. वसुलीचा माणूस तोच पत्ता शोधीत येईल, क्वचित् पोलीसही येईल, आणि घरांत कुरकुर होईल. आपल्या पोटच्या मुलानें हाच पत्ता लिहिला, तेव्हां यांपैकीं एकही शंका आपल्या मनांत आली नव्हती.