मोठ्यांचाच हिशेब

ऑक्टोबर २००६ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेट ऊझ नदीत एक बार्बेल मासा गळाला लागला. वजन २१ पौंड १ औंस, म्हणजे साडेनऊ किलोंच्या वर. ब्रिटनमध्ये गळाने धरलेला एवढा वजनदार बार्बेल त्याआधी कोणी नोंदवलेला नव्हता. बार्बेल हा आपल्या महसीरच्याच कुळातला, वाहत्या पाण्यात तळाशी चरणारा मासा. तिकडचे हौशी गरवणारे तो धरतात, तोलतात, फोटो काढतात आणि पुन्हा नदीत सोडतात. त्या काळी या नदीच्या एका छोट्या पट्ट्यासाठी लोक लांबून यायचे. तिथे बार्बेल मोजकेच होते. जे होते ते अवाढव्य आणि वयस्कर. ते एवढे कसे वाढले, याचं अनेक गरवणाऱ्यांकडे एकच उत्तर होतं: सिग्नल क्रेफिश खाऊन.

हे उत्तर खरं असेल तर त्यात आनंद मानण्यासारखं काही नाही. ज्या क्रेफिशवर मोठा बार्बेल पोसतो, तोच क्रेफिश माशांची अंडी आणि नुकती बाहेर पडलेली पिल्लं खातो. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून गळ टाकायला बंदी असते, माशांची वीण निर्वेध व्हावी म्हणून. क्रेफिशला ही बंदी कोण सांगणार? बार्बेलची नवी पिढी उभी न राहण्यामागे बंधारे, गाळ, शेतांतून येणारं पाणी अशी इतरही कारणं आहेत. सगळा दोष एका प्राण्यावर टाकणं सोयीचं असलं तरी खरं नाही. पण विक्रमी मासा आणि रिकामी होत चाललेली नदी एकाच वेळी असू शकतात, हे इथे लख्ख दिसतं.

क्रेफिश म्हणजे गोड्या पाण्यातली लहानशी शेवंडच. सिग्नल जात मूळची उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातली. क्रेफिश प्लेग नावाच्या रोगाने स्वीडनमधले स्थानिक क्रेफिश संपवले, तेव्हा त्या देशाने १९६०च्या दशकात ही रोगाला दाद न देणारी जात आणली. १९७०च्या दशकात ब्रिटननेही ती आणली, तीही सरकारी प्रोत्साहनाने: शेतकऱ्यांनी तळ्यांत पाळावी, निर्यात करावी, चार पैसे मिळवावेत. तळ्यातले क्रेफिश ओल्या गवतातून चालत नदीत गेले. रोग स्वतः पचवून ते तो इतरांना देत होते, आणि ब्रिटनचा एकमेव देशी, पांढऱ्या नांग्यांचा क्रेफिश त्याला बळी पडत गेला. शिवाय सिग्नल काठात बिळं करतो. काठ ढासळतात, माती पाण्यात येते आणि ज्या खडीत मासे अंडी घालतात ती खडी गाळाने बुजते.

गरवणाऱ्याला यातलं जाणवतं ते वेगळंच. आमिष तळाशी टेकतं न टेकतं तोच काठीचं टोक थरथरू लागतं. मासा लागला म्हणून ओढावं तर गळ चाटूनपुसून साफ. मग आमिषाला जाळीचं वेष्टण घाला, प्लास्टिकचे मक्याचे दाणे लावा, नाहीतर तळ सोडून वरच्या पाण्यात खेळा. वैताग खरा आहे. तरी नदीकाठी सगळ्यात जास्त शिव्या खातं ते पाणमांजर. कीटकनाशकांवरच्या बंदीनंतर ते इंग्लंडच्या नद्यांत परतलं आणि मोठे मासे खाऊ लागलं. अर्धवट खाल्लेला ओळखीचा बार्बेल काठावर दिसतो, म्हणून राग येतो. खाल्लेलं अंडं कोणाला दिसत नाही.

क्रेफिश धरायच्या सापळ्याचंही तसंच. यॉर्कशरमधल्या बुकिल गिल बेक या ओढ्याचे काही भाग संशोधकांनी उपसून कोरडे केले आणि एकूणएक क्रेफिश मोजले. काही ठिकाणी एका चौरस मीटरमध्ये शंभराहून अधिक निघाले. त्यांपैकी आमिषाच्या सापळ्यात सापडण्याएवढे मोठे होते फक्त २.३ टक्के. म्हणजे भरलेला सापळा पाहून ज्याला समाधान वाटतं, त्याने बाकीचे जवळपास ९८ टक्के पाहिलेलेच नसतात. त्यातून मोठे क्रेफिश लहानांना खातात. ते काढले की लहानांचं फावतं.

म्हणून ‘खाऊन संपवू या’ ही रुचकर घोषणा मला पटत नाही. खाण्याच्या धंद्यासाठीच तर हा प्राणी आणला गेला. एकदा त्याला भाव मिळाला की तो संपावा असं कोणाला वाटेल? आपल्याकडे उजनीच्या जलाशयात चिलापीचं काय झालं ते पाहावं. चिलापी म्हणजे आफ्रिकेतली तिलापिया, ती भारतात १९५२ मध्ये आणली गेली. आज भिगवणच्या बाजारात आणि महामार्गावरच्या ताटांत चिलापी आहे, आणि तिच्यावर अनेकांची चूल पेटते. त्या मच्छीमारांना तिचा नायनाट करा म्हणून सांगायला मी तरी जाणार नाही. पण बाजार हा उपाय आहे, असंही मग म्हणू नये.

एकदा पसरलेला सिग्नल क्रेफिश मोठ्या नदीतून काढून टाकण्याची रीत अजून कोणाला साधलेली नाही. उरतं ते नव्या पाण्यात त्याला आणि त्याच्या रोगाला जाऊ न देणं. इथे गरवणारा निव्वळ पीडित राहत नाही, कारण रोगाचे बीजाणू ओल्या जाळ्यातून, बुटांतून एका नदीतून दुसरीत जातात. ‘तपासा, धुवा, सुकवा’ ही मोहीम ब्रिटनमध्ये २०११ पासून चालू आहे. रविवारी एक नदी आणि सोमवारी दुसरी करणाऱ्याला यातलं ‘सुकवा’ सगळ्यात जड जातं.

तरीही नदीकाठी वर्षानुवर्षं तासन्‌तास बसणारा माणूस दुसरा कोण आहे? संशोधक येतात, मोजतात, जातात. क्लबांच्या वह्यांत मात्र वर्षांमागून वर्षांच्या नोंदी असतात, पण सगळ्या पौंड-औंसांच्या. इंग्लंडमध्ये क्रेफिशचा सापळा लावायला पर्यावरण खात्याची परवानगी लागते. या हंगामात काठाच्या उथळ पाण्यात बोटाएवढी पिल्लं दिसली का, एवढा एक रकाना वहीत वाढवायला कोणाचीच लागत नाही.