समाचार

‘आजाऱ्याच्या समाचाराला जाणे’ आणि ‘एखाद्याचा समाचार घेणे’ या दोन वाक्प्रचारांतला फरक मी दरवर्षी सातवीच्या मुलांना शिकवतो. पहिल्याचा अर्थ विचारपूस करणे, दुसऱ्याचा अर्थ खरडपट्टी काढणे. मुले हसतात, वहीत लिहून घेतात आणि परीक्षेत हमखास उलटसुलट करतात. एकदा एका चुणचुणीत मुलाने विचारले, “गुरुजी, शब्द एकच, मग अर्थ दोन कसे?” ‘भाषेची गंमत आहे’ असे काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. मास्तरकीत अशी उत्तरे हाताशी ठेवावी लागतात. पण पुढे मी एका माणसाच्या समाचाराला गेलो आणि माझाच समाचार घेतला जाऊन परत आलो. त्या दिवशी मला त्या मुलाची आठवण झाली.

२०१८ सालचा पावसाळा होता. आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांवर मिरजेच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया झाली होती. मिरज हे आमच्याकडच्या आजाऱ्यांचे पंढरपूरच. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली तिथे मिशनचे रुग्णालय उभारले, तेव्हापासून दक्षिण महाराष्ट्रातली आणि कर्नाटकातली माणसे अंथरूण-पांघरूण घेऊन त्या गावाची वाट तुडवीत आली आहेत. मी गेलो ते इस्पितळ अर्थात ते नव्हे. नंतर निघालेल्या अनेकांपैकी ते एक. शस्त्रक्रिया साधीच, पित्ताशयातल्या खड्यांची. पण अध्यक्ष आजारी पडले, की आजार साधा राहत नाही. शिक्षकांच्या खोलीत कोण कोण जाऊन आले याची गणती सुरू झाली, आणि न गेलेल्यांत आपण एकटेच उरतो की काय, या धास्तीने मी एका शनिवारी एस.टी.त बसलो. माझ्या वेतनश्रेणीचा एक कागद त्यांच्या सहीवाचून पडून होता, हेही सांगून टाकतो. कबुली द्यायचीच, तर ती अर्धी कशाला द्यावी?

स्टँडवर सहा मोसंबी घेतली. इस्पितळाच्या दाराशी ‘भेटण्याची वेळ ४ ते ६’ अशी पाटी होती. स्पेशल खोल्या वरच्या मजल्यावर आणि जिना पुरुषांच्या जनरल वॉर्डाच्या पलीकडे. तेव्हा त्या वॉर्डातून जाणे भाग होते. इस्पितळात अनोळखी खाटांमधून जाताना आपण सारेच जसे जमिनीकडे पाहत चालतो, तसा मी चाललो होतो. एवढ्यात हाक आली, “गुरुजी!”

आमच्या शाळेचे शिपाई! शाळेत त्यांना लहानथोर सारेच ‘मामा’ म्हणतात. मी शाळेत आलो त्या दिवसापासून त्यांच्या घंटेवर माझे आयुष्य चालले आहे. तीन आठवड्यांपूर्वी कौलांवरचा पालापाचोळा काढताना शिडी घसरून ते पडले होते आणि त्यांच्या मांडीचे हाड मोडले होते. हे मला ठाऊक नव्हते असे नाही. शिक्षकांच्या खोलीत ही बातमी आली, तेव्हा मीही ‘अरेरे’ म्हटले होते आणि चहाचा कप खाली न ठेवता म्हटले होते. त्यांना कुठल्या इस्पितळात नेले, हे मात्र मी विचारले नव्हते.

“बसा की गुरुजी,” मामा म्हणाले. त्यांच्या पायाला वजन टांगलेले होते, त्यामुळे त्यांना कुशीवरही वळता येत नव्हते. तरी हात लांब करून त्यांनी खाटेखालचे लोखंडी स्टूल माझ्याकडे ढकलले. “एवढ्या पावसात कशाला त्रास घेतलासा?”

त्या क्षणी खरे बोलायला हवे होते. ‘मामा, मी अध्यक्षांकडे आलो होतो, तुम्ही इथे आहात हे मला माहीत नव्हते,’ असे म्हणायला काय हरकत होती? पण माझ्या तोंडून शब्द निघाले, “म्हटलं, तुम्हाला बघून यावं.” एवढे बोलून मी पिशवीत हात घातला आणि दोन मोसंबी काढून त्यांच्या उशाशी ठेवली. चार पिशवीत राहिली.

तो हिशेब मी केव्हा केला, कुणास ठाऊक! सहांतली दोन खाली, चार वर. माझ्या हाताने तो माझ्या आधी केला होता.

खाटेच्या पायथ्याशी एक कागद अडकवलेला होता. त्यावर मामांचे पूर्ण नाव लिहिले होते. इतक्या वर्षांच्या सहवासात मी ते पहिल्यांदा वाचले. मी पाच-सात मिनिटे बसलो, ‘काही काळजी करू नका, लवकर बरे व्हाल’ हे ठरलेले वाक्य बोललो आणि ‘उद्या येतो’ म्हणून उठलो. वळून पाहिले, तर दोनांतले एक मोसंबे मामा शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला देत होते.

वर अध्यक्षांच्या खोलीत बसायला जागा नव्हती. टेबलावर सफरचंदे, डाळिंबे, बिस्किटांचे पुडे, शहाळी यांची रास होती. तळातल्या फळांना डाग पडू लागले होते. अध्यक्षांना तेलकट नको, गोड नको, फार बोलायला नको, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि आम्ही आठ जण त्यांच्याभोवती उभे राहून बोलत होतो. माझी चार मोसंबी त्या राशीत मिसळून गेली. ती कोणी आणली, हे अध्यक्षांना कळले असेल असे मला वाटत नाही. तासाभराने मी खाली आलो आणि बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का, ते एका मावशींना विचारून घेतले. तो होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी गेलो नाही. त्यानंतरही गेलो नाही.

आजाऱ्याला भेटायला आपण का जातो? माझे शिक्षण बेताचे. नीतिशास्त्राचे मोठाले ग्रंथ मी वाचलेले नाहीत. पण स्वतःच्या मनात डोकावायला ग्रंथ लागत नाहीत. आपण जातो, कारण ते आपल्याकडे आले होते. लग्नातल्या आहेरासारखी भेटींचीही एक वही प्रत्येक घरात असते; ती कागदावर नसते, एवढेच. आपण जातो, कारण गेलो नाही तर दिसून येईल. कधीकधी आपण जातो ते जिना उतरताना आपले पाय धड आहेत याचे एक चोरटे सुख लाभते म्हणूनही. या सगळ्यात आजारी माणूस कुठे असतो?

एकदा विषमज्वराने मी अकरा दिवस इस्पितळात पडून होतो. तेव्हा मी ही गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहिली आहे. येणारा प्रत्येक जण तोच प्रश्न विचारी आणि मी तापाची तीच कथा पहिल्या अध्यायापासून सांगे. एकाने पथ्य सांगितले, दुसऱ्याने ते चूक ठरवले. एक गृहस्थ म्हणाले, “आमच्या मेव्हण्याचं अगदी असंच सुरू झालं होतं,” आणि एकाएकी गप्प झाले. मेव्हण्याचे पुढे काय झाले, ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही! फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर लिहिलेल्या पुस्तकात भेटायला येणाऱ्यांच्या पोकळ आशा आणि फुकटचे सल्ले यांवर एक आख्खे प्रकरण खर्ची घातले आहे. तेव्हापासून वैद्यक कुठल्या कुठे गेले. आपण भेटणारे मात्र तिथेच आहोत.

टॉल्स्टॉयची इव्हान इलिचच्या मरणाची कथा १८८६ सालची. तो न्यायाधीश मरायला टेकलेला असतो. वेदनेइतकाच त्याला छळतो तो भोवतालच्या माणसांचा खोटेपणा. तू फक्त आजारी आहेस, औषध घे, बरा होशील, असे सारे त्याला भासवत राहतात. एकटा गेरासिम नावाचा नोकर तसे करत नाही. धन्याचे पाय उंच धरले की त्याला बरे वाटते, म्हणून तो रात्र रात्र ते धरून बसतो. एवढ्या मोठ्या घरात आजाऱ्याला खरे भेटलेला माणूस तो एकच. ती कथा मी पूर्वीही वाचली होती. पण मिरजेहून परत आल्यावर वाचली, तेव्हा त्या घरात येणाऱ्या पाहुण्यांत मला माझा चेहरा दिसला.

आणि एक कथा आहे ती फार जुनी, विनयपिटकाच्या महावग्गातली. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत पडून राहिलेला बुद्धाला दिसला. तुझी शुश्रूषा कोणी का करत नाही, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे पाहत नाहीत. बुद्धाने आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून अंथरुणावर निजवले. मग त्याने संघाला बजावले की तुम्हाला इथे ना आई ना बाप. तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही, तर कोण करणार? माझी सेवा करू पाहणाऱ्याने आजाऱ्याची करावी.

त्या भिक्खूच्या उत्तरात तक्रार नाही, हेच मला सहन होत नाही. उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी येत नाही. जणू हा जगाचा सरळ न्यायच! आमचे मामा तर उपयोगीही पडले होते. शाळेचे छप्पर साफ करताना ते पडले होते. त्यांच्याकडे सहीसाठी अडलेला कागद नव्हता, एवढाच त्यांचा दोष.

दिवाळीनंतर मामा काठी टेकीत कामावर आले. मी त्यांना टाळत होतो. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनीच मला गाठले. म्हणाले, “गुरुजी, त्या दिवशी आलासा, लई बरं झालं. शेजारचा म्हातारा रोज विचारायचा, तुमचं कोण हाय का न्हाई म्हणून. तुम्ही आल्यावर त्याला सांगितलं, हे आमच्या शाळंचं गुरुजी. मग मावशीबी जरा नीट बोलाय लागल्या.”

“मामा, मी खरं म्हणजे—” मी सुरुवात केली.

“ठाव हाय मला,” ते हसून म्हणाले. “मोसंबी वरच्यासाठी होती. पण बसलासा न्हवं स्टुलावर?” आणि घंटा द्यायची वेळ झाली म्हणून ते निघून गेले.

मी विचारात पडलो. माझा हेतू खोटा होता, शब्द खोटे होते, ‘उद्या येतो’ तर शुद्ध थाप होती. तरी त्या पाच-सात मिनिटांनी एका माणसाला त्या वॉर्डात पत मिळाली. इस्पितळात माणसाचे कपडे जातात, चष्मा जातो, नाव जाते. उरतो तो खाटेचा नंबर. भेटायला येणारा त्याला त्याचे माणूसपण परत आणून देतो, मग तो कुठल्याही कारणाने आलेला असो. म्हणून हेतू निर्मळ होईपर्यंत घरी थांबावे, हे म्हणणे मला पटत नाही. तसे म्हटले, तर जगातले सारे आजारी एकटे पडतील. हेतूचा हिशेब माझा मला द्यायचा आहे. आजाऱ्याने त्याची वाट का पाहावी?

पण यावरून हेतूला काहीच किंमत नाही असे ठरत नाही. हेतूची परीक्षा पहिल्या भेटीत होत नाही, ती दुसऱ्या भेटीत होते. लाजेने, भीडेने, स्वार्थाने माणूस एकदा जाईल; दुसऱ्यांदा तो फक्त आजाऱ्यासाठी जातो. कुष्ठरोगाने ग्रासलेले परचुरेशास्त्री १९३९ साली सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमात जागा दिली, झोपडी बांधून दिली. पुढे स्वतःच्या हाताने ते शास्त्रीबुवांचे अंग चोळीत. देशाच्या वाटाघाटींच्या धामधुमीतही गांधीजींनी ते काम सोडले नाही. मला नवल वाटते ते या रोजच्या जाण्याचे. एकदा जाणे आपल्यालाही जमले असते.

मग २०२० साल आले आणि इस्पितळांचे दरवाजे भेटणाऱ्यांना बंद झाले. माझ्या मावशीला नेले, तेव्हा दारावरच्या रखवालदाराने डबा घेतला आणि आम्हाला मागे फिरवले. मला दुःख झाले, खोटे कशाला सांगू? पण त्या दुःखाच्या तळाशी सुटकेचा एक बारीक निःश्वासही होता. आता न जाण्याला सरकारी कारण मिळाले होते! दैवाने मावशी बरी होऊन घरी आली. औषध मिळाले का, जेवण मिळाले का, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, “सगळं मिळालं रे. पण चार वाजले की डोळे दाराकडे लागायचे. कोणी येणार नाही, हे माहीत असूनसुद्धा लागायचे.”

तेव्हापासून मी समाचाराला जातो तेव्हा दोन गोष्टी पाळतो. उभ्या उभ्या बोलत नाही, स्टूल ओढून बसतो. आणि ‘उद्या येतो’ असे म्हणत नाही. यायचे असेल, तर न सांगता जातो.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. त्यांचे गाव आमच्यापासून आठ मैलांवर आहे. त्यांचा तो पाय पावसाळ्यात फार दुखतो, असे ऐकले. या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांना भेटायला जाणार आहे, असे वाक्य लिहून हा लेख संपवण्याचा मोह मला झाला होता. लिहिलेही होते. मग ते खोडले.