असन्निधानातील नम्रता

श्रीचक्रधर स्वामींच्या निरूपणात जीव बद्धमुक्त, देवता नित्यबद्ध, प्रपंच अनित्य आणि परमेश्वर नित्यमुक्त असा चार पदार्थांचा विवेक आहे. पंथात आलेला नवखा साधकही हा विवेक मुखोद्गत करतो. परंतु त्यातून आचाराचा जो एक अवघड प्रश्न उपजतो, त्याकडे सहसा लक्ष जात नाही. जीवाचे उद्धरण जर सर्वथैव परमेश्वराच्या कृपेवर अवलंबून आहे, आणि जीवाने स्वसामर्थ्याने ते अंतर कापणे शक्य नाही, तर साधकाने दिवसभरात केलेल्या लहानसहान निवडीचे मोल ते काय? शिवाय, नम्र होण्याचा यत्न करणारा पुरुष 'आपण नम्र होत आहो' या जाणिवेनेच अधिक ताठ होत नाही काय?

सन्निधानात हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. इ.स. 1274 च्या सुमारास स्वामींनी उत्तरापंथे गमन केल्यावर भटोबास आदी भक्तजन ऋद्धिपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहिले. राऊळांची प्रवृत्ती लोकदृष्टीला वेड्यासारखी. एखादा पदार्थ मागावा आणि आणला की नाकारावा, निघावे एकीकडे आणि जावे दुसरीकडे, क्षणात रुसावे, क्षणात हसावे. मातंगांच्या घरीही त्यांचा निःशंक वावर असे. अशा सेवेत सेवकाला स्वतःचा बेत म्हणून काही ठेवताच येत नसे. केलेली तयारी प्रभूंनी मोडली की तो बेत मोडे आणि त्याबरोबर बेत करणाऱ्याचा अभिमानही मोडे. नम्रता तेथे कमवावी लागत नव्हती. सन्निधानच ती घडवून आणीत होते.

असन्निधानात तसे रागावणारे, नाकारणारे, हाती धरून फिरविणारे कोणी दृश्य रूपाने नाही. साधकाचा बेत सहसा कोणी मोडीत नाही. दंडवत घालणारे मात्र पुष्कळ असतात. म्हणून असन्निधानातील साधकाला जे प्रभूंनी केले असते ते आपल्या आपण करावे लागते, आणि खरी अडचण येथेच आहे. कारण आपला बेत आपणच मोडणाऱ्याला त्या मोडण्याचाही अभिमान होऊ शकतो.

या अडचणीचे उत्तर म्हाइंभटांच्या चरित्रात सापडते. सराळ्याचे हे पंडित डोमेग्रामी आले ते स्वामींना वादात जिंकण्याच्या ईर्ष्येने. तेथे त्यांची विद्या ओसरली हे सर्वश्रुत आहे. प्रवचनांतून हाच प्रसंग पुनःपुन्हा सांगितला जातो. वादात हार मानणे ही मात्र एका दिवसाची गोष्ट होय, आणि तीत नम्रतेपेक्षा निरुत्तर होण्याचा भाग अधिक असू शकतो. विचार करण्याजोगी गोष्ट आहे ती त्यानंतरची. लीळा संग्रहित करण्यासाठी हाच पंडित ज्यांनी स्वामींना प्रत्यक्ष पाहिले होते, अशांच्या दारी गेला. त्यांत विद्वान होते, तशाच निरक्षर बाया होत्या, शेतात राबणारेही होते. अमुक समयी स्वामी कोठे आसनस्थ होते, जवळ कोण होते, काय म्हणाले, हे त्याने विचारले आणि भटोबासांपुढे ठेवून पडताळून घेतले. दोन सांगणाऱ्यांच्या सांगण्यात भेद आढळला तर आपल्या तर्काने एकाला खोटे न ठरविता तो भेद नोंदवून ठेवण्याची रीत लीळाचरित्रात दिसते.

या कार्यात म्हाइंभटांनी 'नम्र व्हावे' असा संकल्प केला होता असे कोठे दिसत नाही. त्यांचे सारे लक्ष स्वामींच्या लीळेकडे होते. सांगणारी बाई आपल्याहून कमी शिकलेली आहे, हे आठवण्यास त्यांना अवसरच नव्हता. तिने पाहिले होते आणि त्यांना हवे होते ते तिच्याजवळ होते. अभिमान गळाला तो अशा रीतीने. नम्रता ही स्वतःकडे पाहून साधत नाही. 'आपण किती लहान' असे दिवसभर घोकणारा पुरुष दिवसभर स्वतःचेच चिंतन करीत असतो, आणि स्वतःच्या चिंतनाला नामस्मरण म्हणता येत नाही. नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण सांगितले आहे ते चित्ताला स्वतःकडून परमेश्वराकडे वळविण्यासाठी.

यातूनच पहिल्या प्रश्नाचेही उत्तर निघते. नित्याची निवड ही कृपा विकत घेण्याचे द्रव्य नव्हे. देवतांच्या उपासनेत कर्म आणि फळ यांचा हिशेब चालतो. परमेश्वराशी तसा हिशेब नाही. निवडीने घडते ते एवढेच की, अन्यथाज्ञानाने जीवाने स्वतःला जे कर्ता आणि स्वामी मानून ठेवले आहे, ते मानणे थोडे सैल होते. जीवाला योग्यता येते. मात्र ही योग्यता किती आली हे जो मोजू लागला, तो पुन्हा हिशेबाच्या मार्गाला लागला असे समजावे.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. नम्रता म्हणजे मौन किंवा मिंधेपणा असे कित्येक साधक समजतात. महदाइसा स्वामींना प्रश्नामागून प्रश्न विचारीत आणि स्वामींनी त्यांच्या जिज्ञासेचे कौतुकच केले. न समजलेले 'समजले' म्हणून मान डोलावणे ही नम्रता नसून लज्जा झाकणारा अभिमान होय. तसेच केशिराजादी संस्कृतज्ञांना भटोबासांनी मराठीतच प्रश्न करावयास सांगितले. पांडित्याची भाषा चालली असती तर साध्या बायाबापड्या वंचित झाल्या असत्या. कोणत्या शब्दांत बोलावे ही निवड साधकाला दिवसातून पन्नास वेळा करावी लागते, आणि तिच्याकडे आचाराचा भाग म्हणून क्वचितच पाहिले जाते.

भिक्षेचेही तसेच. जेथे ओळख नाही अशा ठिकाणी राहावे, भिक्षेवर निर्वाह करावा, हा स्वामींचा उपदेश. त्यातील मर्म उपवासात नसून निवड सोडण्यात आहे. काल जेथे तूप मिळाले त्या दारी आज पाय वळतात का, एवढेच पाहावयाचे. आता अनेक ठिकाणी आश्रमातील कोठारातून भोजन होते आणि भिक्षा नावापुरती उरते. त्यामुळे परीक्षेची जागा सरकली आहे, परीक्षा टळलेली नाही. पंगतीत कोण कोठे बसला, प्रथम दंडवत कोणी कोणाला घातले, निमंत्रणपत्रिकेत कोणाचे नाव कोणाच्या वर छापले, यावरून ज्ञात्यांची मने कलुषित होतात, हे सांगण्यास संकोच वाटला तरी खरे आहे. संन्यास घेताना शेत सोडणे सोपे जाते. आसन सोडणे जड जाते.

आणखी एक सूक्ष्म स्थान आहे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. ऋद्धिपूर येथे मराठी भाषा विद्यापीठ स्थापन झाले आहे. पंथाच्या ग्रंथांचा गौरव सर्वत्र होत आहे आणि त्याचा आनंद होणे स्वाभाविक आहे. परंतु जो व्यक्ती म्हणून नम्र असतो तोच 'आमचा पंथ' म्हणताना उद्दाम होऊ शकतो. तेथे अभिमानाला लपावयास मोठी जागा मिळते, कारण तो भक्तीच्या वस्त्रात असतो.

वासनिकांची कसोटी संन्याशांहून कमी नाही, कदाचित अधिकच आहे. प्रातःकाळी विशेषाला वंदन करून, नामस्मरण करून एखादा उपदेशी शेतकरी बाजाराच्या दिवशी मजुरांचा हिशेब करावयास बसतो. एका बाईची एक खाडी त्याने मांडलेली नाही. तिच्या मते तिने त्या दिवशी काम केले होते. तेव्हा तिला पूर्ण बोलू द्यावे की वहीवर बोट ठेवून गप्प करावे, ही निवड त्याला त्या क्षणी करावी लागते. वही चूक असू शकते. ज्याला पहाटे परमेश्वरापुढे स्वतःचे अज्ञान आठवले होते, त्याला ते दुपारी त्या बाईपुढे आठवते की नाही, एवढ्यावरून पहाटेच्या स्मरणाची जात कळते. आणि प्रवचन आटोपून उठू पाहणाऱ्या ज्ञात्याला एखादी वृद्धा वाटेत थांबवून तेच सूत्र 'पुन्हा एकदा सांगा, बाबा' म्हणते, तेव्हा त्याचीही हीच गोष्ट असते.