चपला दिल्या, आता दाव्यांचं बघू

६ मार्च २०१८ला नाशिकहून निघालेले हजारो शेतकरी सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला मुंबईत सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर रस्ते अडतील, मुलांचा पेपर चुकेल, म्हणून ही दमलेली माणसं रात्रीच उठली आणि चालत आझाद मैदानात गेली. परक्या पोरांसाठी स्वतःची झोप मोडणाऱ्यांना तेव्हा माओवादी ठरवलं गेलं, याची चीड अजून जात नाही.

मुंबईकरांनी मात्र त्यांना पाणी, बिस्किटं, चपला दिल्या. सोललेल्या तळव्यांचे फोटो घरोघर पोचले. ते प्रेम खरं होतं, पण ते पायांपाशीच थांबलं. ते पाय कशासाठी फुटले, हे फार थोड्यांनी विचारलं.

मोर्चात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते. ज्या जमिनीत ते पिढ्यान्‌पिढ्या नागली, वरई, भात पिकवतात, ती कागदोपत्री वन खात्याची. हा ऐतिहासिक अन्याय आहे, हे २००६च्या वनहक्क कायद्यानेच मान्य केलं. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जो आदिवासी जमीन कसतो, त्याला कसतो तेवढी, चार हेक्टरपर्यंत, हक्काने द्यायची. दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे जातो, तिथून जिल्हा समितीकडे. वाटेत कुठेतरी ‘पुरावा अपुरा’ असा शेरा पडतो. गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब नियमांनी पुरावा म्हणून धरलाय, तरी अतिक्रमणाची जुनी दंडपावती मागतात. कसतो एकरांत आणि पट्टा मिळतो गुंठ्यांत, ही तक्रार तर गावोगाव ऐकू येते.

नावावर सातबारा नाही, म्हणून पीककर्जाला बँक दारात उभं करत नाही. मग भात निघाला की कुटुंबंच्या कुटुंबं पिकअपमध्ये बसून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत जातात आणि दुसऱ्याच्या वेलीवरच्या घडांची विरळणी करतात.

२०२२-२३मध्ये देशाच्या एकूण संपत्तीपैकी सुमारे ४० टक्के वरच्या एक टक्का लोकांकडे होती, असा जागतिक विषमतेचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांचा अंदाज आहे. संपत्ती कष्टाने साठते, असं आपण मुलांना शिकवतो. पण ज्याच्या जमिनीचा कागदच होत नाही, त्याचे कष्ट साठणार कुठे?

आणि हे लोक आपल्यापासून लांबचे नाहीत. मुंबईच्या नळाला वैतरणा, तानसा, भातसाचं पाणी येतं ते ठाणे-नाशिकच्या याच डोंगरपट्ट्यातून. भातसा धरण ज्या शहापूर तालुक्यात आहे, तिथे उन्हाळ्यात टँकर फिरतात. आपण त्यांचं देणं लागतो. मोर्चाने एक दिवस रस्ता अडला तर कुरकुरण्याआधी एवढं तरी आठवावं.

२०१८मध्ये सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढू, असं लेखी दिलं. फेब्रुवारी २०१९मध्ये तीच माणसं पुन्हा रस्त्यावर आली. मार्च २०२३मध्ये पुन्हा आली, वासिंदला थांबली. त्या मुक्कामात एका मोर्चेकऱ्याचा मृत्यू झाला. दर वेळी आश्वासन मिळालं की कॅमेरे उठतात, आपणही उठतो. शासनाला हे पक्कं ठाऊक आहे, आणि म्हणूनच फायली निवांत पडून राहतात.

पाठिंबा द्यायचा तर तो या निवांतपणाला जाच होईल असा द्यायला हवा. आपल्या आमदाराला अधिवेशनात प्रश्न विचारायला लावा: कोणत्या तालुक्यात किती दावे पडून आहेत, किती फेटाळले, का फेटाळले? दावा नाकारला तर कारण कळवणं बंधनकारक आहे आणि ६० दिवसांत वर दाद मागता येते. पण त्यासाठी अर्ज लिहावा लागतो, जबाब नोंदवावा लागतो, नकाशाची प्रत काढावी लागते, मजुरी बुडवून खेटे घालावे लागतात. विधी महाविद्यालयांतली मुलं, निवृत्त तलाठी, शिक्षक, वकील यांना हे काम येतं. महिन्यातला एक रविवार सुरगाण्यात किंवा पेठमध्ये ग्रामसभेच्या वनहक्क समितीसोबत बसून फेटाळलेल्या दाव्यांचे कागद त्यांनी वाचायला घ्यावेत.