कपाटाचं काय करायचं?

समुद्राच्या पाण्यातून दोन माणसं चालत बाहेर येतात. दोघांनी मिळून एक भलंमोठं, आरसा लावलेलं कपाट उचललेलं असतं. ते समुद्रात कसं गेलं, आत काय आहे, हे दोघे कोण, यातलं काहीच सांगितलं जात नाही. कपाट घेऊन दोघे सरळ गावाकडे निघतात.

रोमान पोलान्स्कीच्या ‘टू मेन अँड अ वॉर्डरोब’ या १९५८ सालच्या लघुपटाची ही सुरुवात. पोलान्स्की तेव्हा पोलंडमधल्या लॉड्झच्या फिल्म स्कूलचा विद्यार्थी होता. वय चोवीस. त्या वर्षी ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात प्रायोगिक चित्रपटांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरणार होती आणि तिच्यावर नजर ठेवूनच हा जेमतेम पंधरा मिनिटांचा कृष्णधवल मूकपट तयार झाला. संवाद नाहीत, सोबतीला फक्त क्झिश्तॉफ कोमेदाचं जॅझ संगीत. स्पर्धेत त्याला कांस्यपदक मिळालं. पहिलं पारितोषिकही दोन पोलिश कलावंतांच्या ‘डोम’ या तितक्याच स्वप्नवत लघुपटाला गेलं.

पदक हा परीक्षकांचा निर्णय. प्रेक्षकाचं काय होतं, ते पाहणं जास्त मोलाचं आहे. कपाटासकट ट्रॅममध्ये चढू पाहणारी माणसं दिसली की हसू येतं. उपाहारगृहात त्यांना कुणी बसू देत नाही, हॉटेलात खोली मिळत नाही, तेव्हाही येतं. एके ठिकाणी कपाट आडवं ठेवलेलं असतं, आरसा आभाळाकडे. त्या आरशावर एक मासा ठेवलेला दिसतो. काचेत ढगांचं प्रतिबिंब पडलेलं, त्यामुळे मासा आभाळातून तरंगत चालल्याचा भास होतो. कॅमेरा बाजूला सरकतो आणि कळतं की दोघांचं जेवण चाललं आहे, कपाट हेच त्यांचं टेबल. कथेला या दृश्याची गरज नाही, पण एकदा पाहिलेला माणूस ते विसरत नाही.

मग हसू अडखळतं. एका मुलीच्या मागे एक टवाळ टोळकं लागलेलं असतं. कपाटाच्या आरशात ते तिला दिसतं आणि ती निसटते. चिडलेलं टोळकं या दोघांना बेदम मारतं. त्या गुंडांपैकी एकाची भूमिका खुद्द पोलान्स्कीने केली आहे. आतापर्यंत विनोदाचं साधन असलेलं कपाट इथे मार खाण्याचं कारण होतं. शेवटी दोघे ते उचलून पुन्हा समुद्रात चालते होतात.

या कपाटाचा अर्थ लावायची चढाओढ तेव्हापासून सुरू आहे. कुणाला ते चारचौघांपेक्षा वेगळं असण्याचं ओझं वाटलं, कुणाला समाजाने नाकारलेलं समलिंगी नातं. वेगळेपणाचा भार वाहणाऱ्याला समाज जवळ करत नाही, हे आपल्याला दाखवायचं होतं, असं पोलान्स्कीनेही पुढे सांगितलं. ते खरंच आहे. पण हे एक वाक्य कळलं म्हणून मासा आभाळातून तरंगताना जे वाटलं ते काही हाती लागत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. चित्रपटातल्या गावाला कपाट कुठून आलं याचं कुतूहलच नाही. त्याची तक्रार एवढीच की यामुळे अडचण होते. कपाट ठेवून या, मग पाहू. विक्षिप्त लघुपट पाहून ‘कळलं नाही’ म्हणत उठणारा प्रेक्षक तरी वेगळं काय करतो? अर्थ काय तो आधी सांगा, मग आत घेऊ, अशीच त्याची अट असते. त्या हॉटेलच्या कारकुनाच्या जागी आपण उभे आहोत, हे त्याच्या लक्षात येत नाही.

उलट बाजूही आहे. १९२९ च्या जूनमध्ये पॅरिसमध्ये लुई बुन्युएल आणि साल्वादोर दाली यांच्या ‘अँ शियाँ आंदालू’चा पहिला खेळ झाला. बुन्युएल पडद्यामागे ग्रामोफोन वाजवत होता आणि, त्याने स्वतः नोंदवल्याप्रमाणे, लोक चवताळले तर फेकून मारायला त्याच्या खिशात दगड होते. दगड काढायची वेळ आली नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि पुढे चित्रपट कित्येक महिने चालला. बुन्युएलला याचं समाधान नव्हतं. लोकांना हादरवावं म्हणून केलेली गोष्ट लोकांनी सहज पचवली, याची त्याला खंत होती. झटपट कौतुक हाही न पाहण्याचाच एक प्रकार असतो.

आजच्या स्पर्धांमध्ये हे दोन्ही धोके वाढले आहेत. वॉशिंग्टनमध्ये २००१ साली सुरू झालेला ‘४८ अवर फिल्म प्रोजेक्ट’ पुढे जगभर पसरला, मुंबईतही आला. शुक्रवारी संध्याकाळी चिठ्ठी उचलून चित्रप्रकार ठरतो. एक पात्र, एक वस्तू आणि एक संवाद सगळ्या संघांना सारखाच दिला जातो. रविवारी संध्याकाळी चार ते सात मिनिटांचा चित्रपट हातात द्यायचा. दिलेली वस्तू कथेत बसत नसली की विक्षिप्त विनोदाकडे वळणं सोपं वाटतं. काहीही घडलं तरी चालेल असा समज होतो. प्रत्यक्षात तसं चालत नाही. पहिल्या अतर्क्य प्रसंगाला प्रेक्षागृह खदखदून हसतं, दुसऱ्याला अर्धंच, तिसऱ्याला खुर्च्यांची कुरकुर ऐकू येऊ लागते. विक्षिप्त जगालाही स्वतःचा नियम लागतो आणि तो मोडला की प्रेक्षकाला बरोबर कळतं. पोलान्स्कीच्या दोघांना आपल्या हातातल्या कपाटाचं एकदाही नवल वाटत नाही. चित्रपटाचा नियम तोच, आणि तो शेवटपर्यंत पाळला आहे.

महाराष्ट्राला असा जिवंत प्रेक्षक नवा नाही. पुण्यात १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्य मंदिरात बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं की एकांकिकेचा निकाल परीक्षकांच्या आधी प्रेक्षागृह सांगून टाकतं. कुठल्या वाक्याला हशा पडला, कुठे चुळबुळ झाली, कुठे अचानक शांतता पसरली, ही नोंद होतकरू दिग्दर्शकाला गुणांच्या तक्त्यापेक्षा जास्त शिकवते. ‘मस्त होतं’ किंवा ‘डोक्यावरून गेलं’ यातून त्याच्या हाती काही पडत नाही.

म्हणून लघुपटांच्या महोत्सवाला जाणाऱ्या प्रत्येकाने एवढं करावं. दोन-तीन दिवस राबून, मित्रांना गोळा करून एखाद्या मुलीने किंवा मुलाने काहीतरी विचित्र पडद्यावर आणलेलं असतं. खेळ संपल्यावर तिला किंवा त्याला गाठावं आणि आपण नेमके कुठे हसलो, कुठे हसायचे थांबलो, कोणतं दृश्य अजून डोळ्यांसमोर आहे, हे सांगावं. अर्थ लागला नसेल तर तेही मोकळेपणाने सांगावं, पण सगळ्यात शेवटी.