पत्रा बदलला, गाडी तीच?

समजा, जळगाव जामोदमध्ये घरामागच्या शेडात कुणी साठच्या दशकातली दोन दारांची स्पोर्ट्स कार खोलून बसलंय. रंग खरवडल्यावर खाली पुट्टीचे थर निघतात, पुट्टीखाली नुसता गंजाचा भुगा. दाराखालचा पत्रा कापून नवा वेल्ड केला, पिस्टन नवे बसवले, वायरिंग नवं ओढलं. मग गेटबाहेर पडेल ती गाडी जुनीच का? पाली ‘मिलिंदपञ्हा’त भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतात: रथ म्हणजे आस का, चाकं का, दांडी का? राजाला दरवेळी नाही म्हणावं लागतं. रथ हे सुट्या भागांच्या जुळणीला दिलेलं नाव ठरतं. पण एवढ्यावर थांबलं, तर कुठल्याही भंगारावर जुना नंबर ठोकून मोकळं होता येईल. नावाला आधार लागतो, आणि माझ्या मते तो अखंड, सांगता येण्याजोग्या क्रमाचा.

१९२९ आणि १९३० साली ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या ‘ओल्ड नंबर वन’ बेंटलीवरून १९९०मध्ये लंडनच्या हायकोर्टात दावा चालला. विजयाच्या वेळचं त्या गाडीत फारसं काही उरलं नव्हतं. तरी ती तीच गाडी, असा निकाल लागला, कारण बदल होत गेले तरी तिचा इतिहास कुठे तुटला नव्हता. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळची पीक-पावसाचं भाकीत सांगणारी घटमांडणीही दर अक्षय्य तृतीयेला नव्या मातीत, नव्या धान्याने होते, आणि तरी ती जुनीच म्हणून पंचक्रोशी जमते. भाकितं खरी ठरतात का, हा वाद वेगळा. विधी आणि यंत्र एक नव्हेत, हेही कबूल. पण द्रव्य बदलूनही ओळख टिकते एवढं त्यातून दिसतं.

आपल्याकडचा नोंदणीचा कायदा मात्र द्रव्याच्या बाजूने झुकतो. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी वाहन ५० वर्षांहून जुनं आणि मूळ रूपात हवं; चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. फसवणूक रोखायला ही अट रास्तच आहे. पण त्या कसोटीवर ‘ओल्ड नंबर वन’ कदाचित टिकलीच नसती. नोंदणीची सोय म्हणजे ओळखीचा निवाडा नव्हे.

अवघड आक्षेप इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा. काढलेले जुने भाग जमवून कुणी दुसरी गाडी उभी केली तर खरी कोणती? क्रम पहिलीकडे आहे, म्हणून पहिली, असं मी म्हणेन. मात्र सगळी गाडी एकदमच सुटी करून वीस वर्षं खोक्यांत पडून राहिली, तर माझी कसोटी डळमळते. तिथे ‘तीच गाडी’ आणि ‘वेगळी गाडी’ हे दोन्ही दावे अर्धवटच राहतात.

नागसेनांकडेच पुढचा धागा सापडतो. आंबे चोरणारा म्हणतो, मालकाने लावले ते आंबे मी नेलेच नाहीत. तरी तो दोषी ठरतो, कारण नेलेले आंबे लावलेल्यांतूनच आले. सातत्याबरोबर जबाबदारीही येते. ‘मूळ गाडी’ म्हणून विकणाऱ्याने काय बदललं ते लपवलं, तर ज्या क्रमाच्या जोरावर तो बोलतोय तोच क्रम तो तोडतो. म्हणून शेडातल्या माणसाने कापलेला पत्रा भंगारवाल्याला देण्याआधी त्याचा फोटो काढावा, तारीख घालून तो वहीत चिकटवावा आणि ती वही गाडीच्या कागदपत्रांबरोबर पुढच्या मालकाच्या हाती द्यावी.